पिस्तुलाच्या काडतुसांची जेल-चाचणी: अमेरिकेतील नवख्यांसाठी

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि स्वसंरक्षणासाठी कायदेशीररीत्या पिस्तूल बाळगणाऱ्या मराठी माणसांपुढे दुकानात उभे राहिल्यावर एक प्रश्न हमखास येतो. एकाच ९ मिमी मापाची डझनभर काडतुसे समोर असतात, प्रत्येक खोक्यावर आपलीच गोळी सर्वांत भरवशाची असल्याचा दावा असतो आणि आपल्या हातातल्या आखूड नळीच्या पिस्तुलातून यांतली कोणती नीट चालेल हे मात्र कोणत्याच खोक्यावर छापलेले नसते. शरीरातील मऊ ऊतींच्या जागी वापरल्या जाणाऱ्या जिलेटिनच्या ठोकळ्यात (यालाच पुढे ‘जेल’ म्हटले आहे) गोळ्या झाडून, त्या किती खोल जातात आणि कशा फुलतात हे स्वतः तपासता येते. काम अवघड नाही, परंतु त्यात बारकावे बरेच आहेत, आणि ते सांभाळले नाहीत तर हाती येणारे आकडे दिसायला नेमके पण प्रत्यक्षात निरर्थक ठरतात. हा लेख त्या बारकाव्यांसाठी आहे.

भारतातील वाचकांनी तो केवळ माहिती म्हणून वाचावा. तेथे १९५९ चा शस्त्र अधिनियम लागू आहे, ९ मिमी हे माप सामान्य परवानाधारकाला निषिद्ध आहे, आणि परवान्यावर मिळणारी मोजकी काडतुसे अशा हौसेसाठी नसतात.

१. आधी आपला व्हिसा पाहा, मग पिस्तूल

आपल्या लोकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा सापळा येथेच आहे. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला बंदूकच नव्हे, तर काडतूसही जवळ बाळगता येत नाही. एच-१बी, एच-४, एल-१ आणि एफ-१ हे सारे यात येतात. काही अपवाद आहेत. त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. ‘मित्राचे पिस्तूल आहे, मी फक्त दोन गोळ्या झाडल्या’ हा बचाव ठरत नाही, कारण हातात घेणे हेही कायद्याच्या नजरेत ताबाच असू शकते. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास ग्रीन कार्ड असलेल्या व्यक्तीलाही देशाबाहेर काढता येते. म्हणून ज्याच्या कागदांविषयी जराही शंका आहे त्याने आधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला विचारावे, आणि तोवर चाचणीच्या दिवशी वही व मोजपट्टी तेवढी सांभाळावी.

राज्यांचे नियम वेगळेच. न्यू जर्सीत आपली वस्ती मोठी आहे, आणि नेमके तेथेच हॉलो पॉइंट (तोंडाशी पोकळी असलेल्या, आत शिरल्यावर फुलणाऱ्या) गोळ्यांवर खास निर्बंध आहेत: घर, खरेदीचे दुकान आणि गोळीबाराची रेंज यांच्यापलीकडे त्या सोबत असणे अडचणीचे ठरू शकते. आपल्या राज्याचा नियम मूळ मजकुरातून वाचावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी: ओळखपत्र, ग्रीन कार्ड अथवा नागरिकत्वाचा पुरावा, राज्याला लागत असल्यास बंदुकीचा परवाना, आणि जागेच्या मालकाची किंवा रेंजची लेखी परवानगी.

२. जागा ठरवणे

बंदिस्त रेंजवर जेल लावू देत नाहीत, हे गृहीत धरूनच चालावे. उघड्यावरची खासगी रेंज, ओळखीच्या माणसाची शेतजमीन, किंवा पश्चिमेकडील राज्यांत भू-व्यवस्थापन विभागाच्या ताब्यातली सार्वजनिक जमीन असे पर्याय उरतात. त्या सार्वजनिक जमिनीवरही काही भाग गोळीबारासाठी बंद असतात, आणि आणलेली प्रत्येक वस्तू, रिकाम्या पुंगळ्यांसकट, परत न्यावी लागते.

जागेची अट एकच, पण तीत सवलत नाही: ठोकळ्यामागे मातीचा उंच, दगडविरहित बांध हवा. जेल गोळी अडवील या भरवशावर कधीही राहू नये. फुल मेटल जॅकेट (धातूचे सलग आवरण असलेली, न फुलणारी) गोळी १६ इंचांचा ठोकळा सहज पार करते, आणि फुलू न शकलेली हॉलो पॉइंटही तसेच करते. गोळी जेलमध्ये वळून ठोकळ्याच्या कडेतून किंवा वरच्या बाजूनेही बाहेर पडू शकते, म्हणून बांध केवळ मागे नव्हे तर पुरेसा रुंद असावा. ठोकळा ठेवायचे टेबल लाकडी किंवा प्लास्टिकचे घ्यावे. लोखंडी टेबलाच्या कडेवर गोळी आपटली, तर तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे तुकडे उलट येतात.

३. साहित्य

- ठोकळे: ६ × ६ × १६ इंच मापाचे, किमान दोन.
- ठोकळा नीट जमला आहे का हे तपासण्यासाठी (भाग ६ पाहा) स्टीलचे बीबी छर्रे आणि पंप मारून वेग कमीजास्त करता येईल अशी एअरगन.
- क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजणारे यंत्र.
- अन्नात खुपसायचा थर्मामीटर, मोठी बर्फाची पेटी आणि बर्फाच्या लाद्या.
- मोजपट्टी, व्हर्नियर कॅलिपर, ग्रेनमध्ये (गोळीच्या वजनाचे एकक) वजन दाखवणारा छोटा काटा, लांब चिमटा, सुरी.
- जाड डेनिम कापड.
- कानांचे व डोळ्यांचे संरक्षण, नायट्राइलचे हातमोजे, प्रथमोपचार पेटी.
- वही. फोनवर टिपणे घेता येतात, परंतु चिकट हातांनी फोन वापरणे त्रासाचे होते.

एअरगनविषयी एक सूचना. लहान मुलांची म्हणून ओळखली जाणारी डेझी रेड रायडर या कामाला चालत नाही, कारण तिचा वेग सेकंदाला साधारण ३५० फुटांच्या आसपास असतो आणि आपल्याला ५९० फूट हवे असतात. अनेकदा पंप मारण्याची सोय असलेली डेझी ८८० सारखी गन घ्यावी. किती पंपांना किती वेग मिळतो हे घरी क्रोनोग्राफवर पाहून लिहून ठेवले, तर मैदानावर वेळ वाचतो.

४. जेल कोणते घ्यावे

दोन प्रकार आहेत. एक, खरे जिलेटिन: २५० ब्लूम (जिलेटिनच्या घट्टपणाचे माप) शक्तीची, ‘ऑर्डनन्स’ म्हणजे गोळी-चाचणीच्या दर्जाची भुकटी पाण्यात दहा टक्के प्रमाणात विरघळवून केलेले. दुसरे, खनिज तेल आणि पॉलिमर यांपासून केलेले पारदर्शक कृत्रिम जेल, जे तयार ठोकळ्याच्या रूपात मिळते, फ्रीजशिवाय टिकते आणि वितळवून पुन्हा वापरता येते.

सोयीच्या बाबतीत कृत्रिम जेल कितीतरी पुढे आहे. गोळीचा मार्ग काचेतून पाहावा तसा त्यात दिसतो. शिवाय ऑर्डनन्स जिलेटिन सामान्यतः डुकराच्या कातडीपासून काढतात. घरात शाकाहारी मंडळी असतील आणि फ्रीज एकच असेल, तर हा प्रश्न चाचणीच्या आधीच मिटवलेला बरा. मात्र कृत्रिम जेलमध्ये बीबी अधिक खोल जातो आणि गोळीचे फुलणेही खऱ्या जिलेटिनसारखेच होईल असे नाही. त्यामुळे त्यातले आकडे गोळी १२ ते १८ इंच खोल जावी या एफबीआयच्या कसोटीवर (भाग १० पाहा) थेट घासता येत नाहीत. दोन काडतुसांपैकी कोणते अधिक सातत्याने फुलते, एवढ्याच तुलनेसाठी कृत्रिम जेल पुरे; प्रत्यक्ष खोलीचा आकडा हवा असेल, तर भुकटी भिजवण्याला पर्याय नाही. माझे मत असे की नवख्याने पहिली चाचणी कृत्रिम जेलवर करून हात बसवावा आणि मगच खऱ्या जिलेटिनकडे वळावे.

५. खऱ्या जिलेटिनचा ठोकळा ओतणे

६ × ६ × १६ इंचांच्या ठोकळ्याचे आकारमान सुमारे ९.४ लिटर भरते. एक किलो भुकटी आणि नऊ लिटर पाणी घेतले की ठोकळा भरून थोडे मिश्रण उरते, आणि फेस काढून टाकल्यावर ते हिशेबात बसते. प्रमाण वजनावर घ्यावे, वाटीने मोजू नये.

भुकटी थंड पाण्यात टाकावी. पाण्यात भुकटी, भुकटीवर पाणी नव्हे. हळूहळू भुरभुरत ढवळले नाही, तर भज्यांच्या पिठासारख्या गुठळ्या होतात आणि त्या नंतर मोडत नाहीत. हे मिश्रण फ्रीजमध्ये दोन तास भिजू द्यावे. नंतर भांडे गरम पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवून ते सावकाश विरघळवावे. मिश्रणाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, कारण जास्त उष्णतेने जिलेटिनची ताकद कायमची कमी होते आणि ते बाहेरून पाहून कळत नाही. थेट आचेवर भांडे ठेवण्याचा मोह येथे अनेकांना होतो, आणि दोन दिवसांनी बीबी पार आत घुसला की त्याचे कारण शोधत बसावे लागते. मिश्रणात दालचिनीच्या तेलाचे काही थेंब टाकले तर फेस कमी होतो व बुरशीही लवकर धरत नाही.

साच्याला आतून तेलाचा पातळ हात फिरवून मिश्रण ओतावे, वरचा फेस पळीने काढावा, घट्ट झाल्यावर ठोकळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून ४ अंश सेल्सिअसवर किमान दोन दिवस ठेवावा. बाहेरून गार लागणारा ठोकळा मध्यभागी गार असतोच असे नाही. फ्रीजच्या काट्यावर विश्वास न ठेवता थर्मामीटर ठोकळ्याच्या एका कोपऱ्यातून आत खुपसून पाहावा.

६. बीबीची कसोटी

सगळ्या प्रक्रियेत हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि हीच सर्वांत जास्त वगळली जाते. सॅन फ्रान्सिस्कोतील लेटरमन लष्करी संशोधन संस्थेत डॉ. मार्टिन फॅकलर यांनी १९८० च्या दशकात दहा टक्के जिलेटिन ४ अंशांवर वापरण्याची पद्धत रूढ केली. ठोकळा बरोबर जमला आहे की नाही, हे ठरवण्याची तिची रीत अगदी साधी आहे: ०.१७७ इंच मापाचा स्टीलचा बीबी सेकंदाला ५९० फूट, अधिक-उणे १५, या वेगाने झाडला असता तो ८.५ सेंटिमीटर, अधिक-उणे १, खोल गेला पाहिजे.

मैदानावर पेटीतून ठोकळा बाहेर काढला की पहिले काम हेच. बीबी ठोकळ्याच्या दर्शनी भागावर एका कोपऱ्याकडे झाडावा, म्हणजे पुढच्या गोळ्यांच्या मार्गात तो येणार नाही. वेग ५७५ ते ६०५ फुटांच्या पट्ट्यात नसेल तर तो बार धरू नये, पुन्हा झाडावा. खोली ७.५ ते ९.५ सेंटिमीटरमध्ये आली तर ठोकळा प्रमाणित समजावा. त्याहून खोल गेला तर जेल मऊ आहे: गरम झाले, पाणी जास्त झाले किंवा भुकटी भाजली गेली. त्या ठोकळ्यावर काढलेली खोली ‘साधारण इतकी असावी’ अशा गणिताने सुधारून घेण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्यांच्या वाटेला न जाता तो ठोकळा फुलण्याच्या तुलनेसाठी वापरावा आणि खोलीचा रकाना रिकामा ठेवावा.

कृत्रिम जेलवरही बीबी झाडावा. तेथे तो या पट्ट्यात येईल अशी अपेक्षा नसते, परंतु दोन ठोकळे एकमेकांसारखे आहेत की नाहीत हे त्यावरून समजते.

७. कापड

उघड्या जेलमध्ये बहुतेक आधुनिक हॉलो पॉइंट गोळ्या सुरेख फुलतात. खरी परीक्षा कापडाने होते. गोळीच्या तोंडाची पोकळी ओलसर पदार्थाच्या दाबाने उघडावी अशी तिची रचना असते. पण वाटेत कापडातून जाताना तिथे धाग्यांची गच्च बोळी बसली, तर दाब पोकळीत पोहोचत नाही आणि गोळी न फुलता फुल मेटल जॅकेटसारखी लांब निघून जाते. काढलेली गोळी उलटी करून पाहिली, तर निळ्या धाग्यांचा तो गोळा टाचणीने उकरावा लागेल इतका घट्ट बसलेला दिसतो.

हौशी चाचण्यांत १६ औंसी डेनिमचे चार थर ठोकळ्यापुढे लावण्याची पद्धत प्रचलित आहे. इतके जाड कपडे कोण घालतो, असा आक्षेप यावर घेतला जातो, पण हे चार थर कोणाच्याही पोशाखाची नक्कल नाहीत. वाईटात वाईट परिस्थितीत पोकळी उघडते की नाही, हे पाहण्याची ती मुद्दाम कठीण केलेली अट आहे. एफबीआयची ‘जड कपड्यांची’ चाचणी वेगळी असून तिच्यात सुती बनियन, सुती सदरा, फ्लीस आणि डेनिम असे थर असतात. आपण कोणती रीत वापरली ते लिहून ठेवावे, कारण दोन्हींच्या निकालांची सरमिसळ करता येत नाही.

कापड ठोकळ्याला ताणून चिकटवू नये, सैल टेकवून वरून पिनांनी धरावे. प्रत्येक बारानंतर ते सरकवावे, म्हणजे आधीच्या भोकातून गोळी जाणार नाही. गाडीची काच, पत्रा, प्लायवूड यांच्याही चाचण्या एफबीआय करते. काच आणि पत्रा हौशी माणसाने हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन मीटर अंतरावर त्यांचे तुकडे कुठे जातील याचा भरवसा नसतो.

८. प्रत्यक्ष गोळीबार

दोन ठोकळे एकामागे एक, मध्ये फट न ठेवता लावावेत, कारण १८ इंचांपर्यंत मोजायचे तर १६ इंचांचा एक ठोकळा पुरत नाही. पिस्तुलाची नळी दर्शनी भागापासून १० फुटांवर ठेवून सरळ, ठोकळ्याच्या लांबीला समांतर गोळी झाडावी. किंचित तिरका बार बाजूने निसटतो. कोणी ठोकळ्याजवळ असताना पिस्तूल उघडे, रिकामे आणि टेबलावर असावे. एका वेळी एकच नेमबाज, आणि ‘पुढे जा’ हा शब्द उच्चारणारा माणूसही एकच असावा.

एका दर्शनी भागात तीन-चार गोळ्यांहून जास्त बसवू नयेत. गोळीच्या वाटेभोवती जेलला चिरा पडतात आणि दुसरी गोळी त्या चिरांत शिरली, तर तिची खोली खोटी येते. प्रत्येक काडतुसाचे पाच बार उघड्या जेलमध्ये आणि पाच कापडातून, असा हिशेब धरला तर एका प्रकाराला ठोकळ्यांच्या तीन जोड्या लागू शकतात. म्हणून एका दिवशी एक किंवा दोनच प्रकार तपासावेत. खरे जिलेटिन पेटीबाहेर वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये. टेक्सास किंवा ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात तर त्याहून कमी.

वेग प्रत्येक बाराला नोंदवावा. प्रकाशावर चालणारे क्रोनोग्राफ नळीच्या अगदी जवळ ठेवले तर तोंडाच्या झोताने फसतात आणि १० फुटांच्या अंतरात त्यांना जागा पुरत नाही. रडारवर चालणारे यंत्र येथे सोपे जाते. ते नसेल तर त्याच खोक्यातल्या काडतुसांचा वेग आधी वेगळा मोजून ठेवावा. वेगाचा एवढा आग्रह अशासाठी की प्रसिद्ध झालेल्या अनेक चाचण्या चार इंचांहून लांब नळीच्या पिस्तुलातून केलेल्या असतात, तर खिशात बाळगायच्या पिस्तुलाची नळी साधारण तीन इंचांची असते. नळी आखूड झाली की वेग घटतो, आणि वेग घटला की काही गोळ्या फुलतच नाहीत.

९. मोजमाप

गोळी जिथे थांबलेली दिसते तिथेच ती सर्वांत खोल गेली होती, असे समजू नये. जेल लवचीक असल्याने, विशेषतः कृत्रिम जेलमध्ये, गोळी पुढे जाऊन थोडी मागे ढकलली जाते आणि तिच्यापुढे रिकामी वाट दिसते. त्या वाटेच्या टोकापर्यंत मोजावे. फुल मेटल जॅकेट गोळी बऱ्याचदा वाटेत उलटून बूड पुढे करून थांबते. तशी नोंद करावी, ती चूक नाही.

गोळी चिमट्याने काढून धुवावी, पुसावी. फुललेल्या पाकळ्यांचा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान व्यास कॅलिपरने घेऊन सरासरी काढावी. पाकळ्यांच्या कडा धारदार असतात, हातमोजे काढू नयेत. वजन ग्रेनमध्ये करावे. एका पाउंडात ७,००० ग्रेन असतात. मूळ १२४ ग्रेनची गोळी १२३ भरली तर ती अखंड राहिली, ९० भरली तर उरलेला शिसा-तांब्याचा भाग जेलमध्येच कुठेतरी आहे.

वहीत प्रत्येक बारासमोर तारीख, ठोकळ्याचे तापमान, बीबीचा वेग व खोली, पिस्तूल आणि नळीची लांबी, काडतुसाचे नाव, गोळीचे वजन, खोक्यावरचा लॉट (उत्पादनाच्या तुकडीचा) क्रमांक, वेग, कापड, खोली, व्यास, उरलेले वजन आणि शेरा इतके रकाने हवेत. लॉट क्रमांक नसलेली नोंद वर्षभराने कामाची राहत नाही.

१०. आकडे कसे वाचावेत

११ एप्रिल १९८६ रोजी मियामीत एफबीआयच्या आठ एजंटांची दोन बँक-लुटारूंशी चकमक झाली. एजंट जेरी डव्ह यांनी झाडलेली ११५ ग्रेनची ९ मिमी गोळी त्या लुटारूंपैकी मायकेल प्लॅटच्या दंडातून छातीत शिरली आणि हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. त्यानंतरही प्लॅट लढत राहिला. डव्ह आणि बेंजामिन ग्रोगन हे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. ती गोळी उत्तम फुलली होती, कमी पडली ती खोली. पुढच्या वर्षी एफबीआयच्या क्वांटिको येथील अकादमीत तज्ज्ञांची बैठक झाली आणि जिलेटिनमध्ये किमान १२ इंच हा आकडा रूढ झाला. वरची १८ इंचांची मर्यादा गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याच्या धोक्याशी जोडलेली आहे. माणसाचे शरीर १२ इंच जाड नसते, हा युक्तिवाद म्हणूनच गैरलागू आहे: वाटेत हात येतो, कोन तिरपा असतो, हाडे असतात, आणि जेलमध्ये यांतले काहीही नसते.

पाच बारांची सरासरी काढून मोकळे होऊ नये. कापडातून चार गोळ्या १४ इंचांवर थांबल्या आणि पाचवी न फुलता २४ इंचांवर गेली, तर सरासरी १६ येते आणि छान दिसते. सांगण्यासारखी गोष्ट मात्र ती पाचवी गोळी आहे. ती ‘अपवाद’ म्हणून वगळणे हा या छंदातला सर्वांत सर्रास दोष होय. तसेच जेलमधल्या मोठ्या चिरा पाहून हुरळून जाऊ नये. पिस्तुलाच्या वेगाला होणारा तो तात्पुरता फुगारा लवचीक स्नायूंत बहुतांशी मिटून जातो; छायाचित्रात तो भव्य दिसतो, एवढेच.

आणि जे काडतूस जेलमध्ये पहिले आले, ते आपल्या पिस्तुलात अडकत नाही याची खात्री रेंजवर वेगळी करून घ्यावी लागते. जेल ते सांगत नाही.

११. आवराआवर

हात साबणाने धुतल्याशिवाय खाणेपिणे करू नये, शिशाचा अंश बोटांवर असतो. जेल वितळवायचे भांडे, सुरी आणि काटा स्वयंपाकघरात परत नेऊ नयेत. कृत्रिम जेल वितळवण्याआधी गोळ्या, धागे आणि तुकडे कापून काढावेत, निर्मात्याने दिलेली तापमानाची मर्यादा ओलांडू नये, आणि हे काम उघड्या ज्योतीवर न करता विजेच्या रोस्टरमध्ये, घराबाहेर करावे; ते तेल आहे, पेट घेते. खरे जिलेटिन वितळवून बेसिनमध्ये ओतले, तर ते नळीत गार होऊन पुन्हा घट्ट बसते आणि मग प्लंबर बोलवावा लागतो. त्यापेक्षा ठोकळ्याचे तुकडे करून गोळ्या वेचून घ्याव्यात आणि तुकडे दुहेरी पिशवीत बांधून कचरागाडीच्या आदल्या रात्री बाहेर ठेवावेत. आधी ठेवले तर वास सुटतो आणि रॅकून पिशवी फाडतात.